राणी मदनावतीचा डावा डोळा

मंडळी, ऐका! जरा पुढं सरका. पाठीमागं खांबाला टेकून बसलेल्यांनी खांब सोडा, तो देवळाचा आहे, तुमच्याशिवाय उभा राहतो!

आजच्या कीर्तनाला एक प्रश्न घेऊन आलोय. साधा प्रश्न. माणसाचा चेहरा कुणाचा? ज्याच्या मानेवर बसलाय त्याचा, की जो समोर बसून बघतो त्याचा? हसताय काय? तुम्ही स्वतःचा चेहरा दिवसातून किती वेळा बघता? दाढी करताना, नाहीतर फोटो काढताना! बाकी सारा दिवस तो दुसऱ्यांच्याच नजरेसमोर! मग मला सांगा — त्या चेहऱ्यावर, इथं, डोळ्याच्या खाली, असं काळं वर्तुळ पडलं, तर ते धुवायचं कुणी? ज्याचं आहे त्यानं? की बघणाऱ्यानं?

माझ्याकडे काय बघताय? माझ्या डोळ्याखाली आहे ती चष्म्याची सावली आहे!

तर या प्रश्नाचं उत्तर मला कुठल्या पोथीत नाही मिळालं. मिळालं एका दशावतारी नटाच्या तोंडावर! गोष्ट अगदी खरी. मी स्वतः तिथं होतो. म्हणजे — माझा मेहुणा होता. तो आणि मी काय वेगळे?

तळकोकणात आंबेखोल नावाचं गाव. तिथलं दशावतारी नाटक मंडळ. आणि त्या मंडळातला स्त्रीपार्टी — म्हणजे पुरुष असून बाईचं काम करणारा नट — लवू मेस्त्री! काय सांगू मंडळी! दिवसा बघाल तर साधा माणूस, गुडघ्यापर्यंत पंचा, खांद्यावर कोयती. पण एकदा का नऊवारी नेसला, काजळ घातलं, गंगावन लावलं आणि पडद्यातून बाहेर आला... अहो, एका गावचे सत्तर वर्षांचे विधुर गावकर, म्हणजे गावचे मानकरी, काठी टाकून उभे राहिले! दुसऱ्या दिवशी मंडळाच्या बिऱ्हाडावर माणूस पाठवला — "मुलीची पत्रिका मिळेल काय?" तेव्हा लवू ओसरीवर बसून विडी ओढत होता! त्यानंच सांगितलं, "मुलीच्या पत्रिकेत मंगळ आसा, आणि मिशी पण आसा!"

असा लवू. अठ्ठावीस वर्षं राणी मदनावतीचं काम. मदनावती म्हणजे कोण? मंडळाचं हुकमी आख्यान! राजानं संशय घेऊन वनात सोडलेली राणी, काखेत तान्हं बाळ, मागं लागलेला राक्षस. दशावताराचं नाटक लिहिलेलं नसतं बरं का. कथा ठाऊक, बाकी सगळे संवाद उभ्या उभ्या, जे तोंडात येईल ते! समोरून बाण आला की इकडून बाण!

पण मंडळी, जत्रांचा हंगाम म्हणजे काय? कार्तिकापासून वैशाखापर्यंत — आज या गावी, उद्या त्या गावी. पहाटेपर्यंत नाटक, मग टेम्पो, पेटारे, पुन्हा रंग. झोप? झोप टेम्पोत! तीही बसून! आणि एका बाजूला राक्षसाचा मुकुट, दुसऱ्या बाजूला गणपतीची सोंड, मध्ये लवूचं डोकं!

शेवटी व्हायचं तेच झालं. लवूच्या डोळ्याखाली काळं पडलं. आधी करंगळीएवढं. मग वाटीएवढं. मग तर अशी परिस्थिती — की काजळ संपलं तर बाकीचे नट लवूच्या डोळ्याखालून बोट फिरवून लावायचे! हसू नका, मेहुण्यानं बघितलंय!

एक दिवस मंडळाच्या मालकांनी, धोंडू दळवींनी, लवूला अंगणात बोलावलं. दळवी स्वतः राक्षसाचं काम करायचे. आवाज असा, की नारळाच्या झाडाखाली आरोळी दिली तर पाडेकऱ्याची गरज नाही.

"लवू, हकडे ये. उजेडात उभो ऱ्हव."

"काय मालक?"

"परवाच्या जत्रेत पयल्या रांगेतल्या चेडवान आवशीक काय विचारल्यान, आयकलंस?"

"नाय."

"'आये, ही राणी आजारी आसा काय?' अख्खो मांडव हसलो, लवू! राणी वनात चललेली, आणि मांडव हसता!"

लवूनं पंच्याच्या टोकानं डोळ्याखाली पुसलं.

"आता आयक. सोमवारी कातळखोलची जत्रा. थंय राणी म्हणान शोभलंस, तर राणी. नाय तर पुढच्या जत्रेपासून तू राक्षस. राणयेक मी कुडाळचो नवो पोरगो बघून ठेवलंय."

मंडळी, लवूनं मालकांपुढं हात जोडले! का? एक तर लवूला दुसरं काही येत नव्हतं. आवाज मुळात बारीक. राक्षसाची आरोळी मारायला गेला की कोंबडीचं पिल्लू पायाखाली आल्यासारखं वाटायचं. अठ्ठावीस वर्षं जो माणूस मदनावती म्हणून जगला, त्यानं जायचं कुठं?

आणि दुसरं — कातळखोल! सगळ्या गावांत नाटक रात्री. रात्रीच्या दिव्यात काय, काहीही खपतं! आमच्यासारख्यांची लग्नं त्याच दिव्यात जमली! पण कातळखोलची रीत उलटी. तिथल्या देवीला नाटक दिवसा लागतं. दुपारी तीनला पडदा उघडायचा आणि सूर्य बुडायच्या आत नाटक संपवायचं. म्हणजे लख्ख उन्हात! पश्चिमेकडून ऊन थेट तोंडावर! तिथं डोळ्याखालचा तीळ दिसतो, तिथं वाटीएवढं काळं लपणार?

घरी आला. बायको सगुणा. तिनं विचारलं, "काय झालां?" यानं सांगितलं. मंडळी, बायकांना उपाय सांगायला वेळ लागतो का? तिनं आधी बटाट्याची कापं डोळ्यावर ठेवली. मग काकडी. मग थंड चहाचा चोथा. मग शेजारीण आली, ती म्हणाली बदामाचं तेल. दुसरी म्हणाली कोरफड. तिसरी म्हणाली दुधाची साय. लवूच्या तोंडावर अख्खं जेवणाचं ताट वाढलं! तो बिचारा डोळे मिटून ओसरीवर पडला. आणि सगुणेची तांबडी कोंबडी आली! बघते तर मालक आडवे, डोळ्यावर काकडी! एक टोच इकडे, एक टोच तिकडे! लवू बोंबलत उठला. काळं तिथंच, वर दोन लाल टिंबं!

"अवो, कोल्लापुराक जावा," सगुणा म्हणाली. "माज्या मावसबयणीन तोंडार कायतरी करून घेतल्यान. कातडीची डॉक्टरीण आसा."

शनिवारी पहाटेची एसटी. घाट चढून लवू कोल्हापुरात. दवाखाना कसला! गार हवा, पांढऱ्या भिंती, आणि भिंतीवर बायकांचे फोटो — 'आधी' आणि 'नंतर'. लवू फोटो बघून मनात म्हणतो, 'आमच्या पेटाऱ्यातला रंग दिला असता तर अर्ध्या तासात 'नंतर' करून दिलं असतं!'

डॉक्टरीण तरुण. डॉक्टर कल्पिता बेळेकर. शहाणी बाई हो! दवाखाने करणाऱ्यांची थट्टा करणं सोपं असतं, पण ही खरंच शहाणी. तिनं आधी बोटानं डोळ्याखालची कातडी ताणली. मग म्हणाली, "वर बघा." मग, "खाली बघा."

"बाई," लवू म्हणाला, "डोळे फिरवायचं मला शिकवू नका. त्यातच आयुष्य गेलं."

"ताणल्यावर काळं कमी होत नाही, म्हणजे थोडा कातडीचाच रंग आहे. आणि वर बघितल्यावर इथं खड्डा पडतो, म्हणजे थोडी सावली आहे. तोंडाचा रंग रोज कशानं काढता?"

"खोबरेल लावतो. मग पंच्यानं घासतो."

"कसला पंचा?"

"हाच. नेसलेला."

"किती वर्षं?"

"अठ्ठावीस."

डॉक्टरणीनं कपाळाला हात लावला. "मेस्त्रीकाका, डोळ्याखालची कातडी सगळ्या अंगातली सर्वांत पातळ. ती तुम्ही अठ्ठावीस वर्षं पितळेच्या घागरीसारखी घासलीत!"

"मग आता उपाय?"

"पहिला उपाय झोप."

"ती सोडून सांगा."

"बरं. मलम देते. रोज लावायचं, तीन महिन्यांत फरक दिसेल."

"नाटक सोमवारी आहे."

"मग पील असतं. सौम्य औषध लावून वरची काळवंडलेली कातडी हळूहळू काढायची. पाच-सहा वेळा यावं लागतं."

"सोमवारी!"

"लेसर. तेही चार-पाच वेळा. नाहीतर तुमचंच रक्त काढून, ते यंत्रात फिरवून, त्यातला पिवळसर भाग सुईनं डोळ्याखाली..."

"बाई, आमच्या नाटकात राक्षसाचं रक्त निघतं ना, तेसुद्धा कुंकवाचं पाणी असतं! माझं खरं काढू नका."

शेवटी उरलं फिलर. म्हणजे काय, तर खड्ड्यात जेल भरायचं! रस्त्यावर भरतात तसं. पण इथं खड्डा खरोखर भरतो, एवढा फरक! डॉक्टरणीनं सगळं समजावून सांगितलं — खड्डा लगेच भरेल, सावली जाईल. रंग मात्र पूर्ण जाणार नाही. थोडी सूज येईल. नाजूक जागा आहे, अगदी शांत पडून राहायचं. आणि पुढचे आठ दिवस तिथं रंग लावायचा नाही. लवू प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. त्याच्या कानात एकच शब्द शिरला होता: 'लगेच'!

आता मंडळी, बघा गंमत. या लवूनं रंगभूमीवर किती तलवारी झेलल्या असतील! पण सुई? सुई बघितली आणि लवू मागं सरकला! डोळे गच्च मिटून, मनात देवीचा धावा करत उजवा डोळा कसाबसा भरून घेतला. डॉक्टरणीनं आरसा दिला. लवू बघतो — तर काय! उजवीकडं खड्डा नाही, सावली नाही, उरलंसुरलं काळं होतं तेही काजळाच्या रेघेसारखं शोभायला लागलं! उजवा डोळा वीस वर्षांचा!

"छान झालंय," डॉक्टरीण म्हणाली. "आता डावा."

आणि तिनं दुसरी सुई उचलली. लवूनं या वेळी डोळे मिटले नव्हते, हीच चूक झाली! सुई चांगली बघितली.

"बाई, मी जरा... बाहेर जाऊन येतो."

"कुठं?"

"एक नंबरला."

गेला! जो गेला तो थेट एसटी स्टँडवर! मागून डॉक्टरीण जिन्यापर्यंत धावत आली, "अहो काका! डावा राहिला! डावा!" बाहेर बाकावर बसलेल्या सहा बायका उठून आपापले डावे डोळे चाचपायला लागल्या! आणि लवू? लवू गगनबावड्याच्या पुढं पोचला होता!

घरी सगुणेनं दार उघडलं. उजवीकडून बघितलं. डावीकडून बघितलं. आणि म्हणाली,

"अगो बाय माजे! एका बाजून माजो घोव, आणि दुसऱ्या बाजून घोवाचो झील!"

घोव म्हणजे नवरा, आणि झील म्हणजे त्याचा मुलगा! आता काय करायचं? उजवीकडं रंग लावायचा नाही, डॉक्टरणीची ताकीद. डावीकडं एकट्या बाजूला सफेदा थापला तर तोंड म्हणजे अर्धी सारवलेली भिंत! तेव्हा ठरलं — दोन्ही डोळ्यांखाली काही लावायचं नाही. पण मग डावा डोळा?

लवूनं विचार केला. आणि मंडळी, असा विचार फक्त आपणच पुरुष करू शकतो, बरं का! कातळखोलला मांडवात पुरुष बसतात एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. मध्ये नटांची जागा, तिथं एक बाकडं. बाकड्यावर राणी बसली, की तिच्या उजव्या हाताला पुरुष, डाव्या हाताला बायका. लवू म्हणाला, "मालक उभे ऱ्हवतले खांबाकडे, पुरुषांच्या बाजूक. गावकर पुरुषांच्या बाजूक. पुढच्या वर्षाच्या नाटकाची सुपारी देणारे सगळे उजवीकडे. मगे डावीकडे कोण? बायका! तेंका काय कळता?"

बायकांना काय कळतं! ऐका! ऐका माझ्या बहिणींनो, शांत बसा, त्याचं काय झालं ते येतंय पुढं!

सोमवार. दुपारचे तीन. पखवाज वाजला. गणपती आला, गेला. आणि पडदा बाजूला करून आली — राणी मदनावती! हिरवी नऊवारी, नाकात नथ, मान किंचित डावीकडं वळवलेली, की उजवा गाल उन्हात चमकावा! पुरुषांच्या बाजूनं एकच कल्ला! शिट्ट्या! रिक्षावाला बाबी परब तर उडीच मारून उभा राहिला. "मेल्यांनू, ही नवी राणी खंयसून हाडल्यानी? वीस वर्षांची आसा!" खांबाजवळ राक्षसाच्या वेषात उभे असलेले दळवी मालक खूष! मिशीला पीळ! लवूला तिरक्या डोळ्यानं दिसलं, आणि त्याच्या जिवात जीव आला. राणीपण वाचलं!

पण डाव्या बाजूला? डाव्या बाजूला चिडीचूप. एक टाळी नाही. बायका पुढं वाकून बघतायत. एकमेकींना कोपरानं ढोसतायत. डोळ्याला पदर लावतायत. अजून तर राजानं संशयसुद्धा घेतला नव्हता हो! राणी महालात हसत बसलेली, आणि बायका रडतायत!

मग आला वनवासाचा प्रवेश. राणी काखेत बाळ घेऊन — बाळ म्हणजे चिंध्यांची बाहुली — वनात उभी. लवूनं हात पसरले आणि नेहमीचा सवाल टाकला, वेलींना, झाडांना —

"हे वनातल्या वेलींनो, सांगा! मी अभागिनी आता कुठं जाऊ?"

आणि मंडळी, वेलींनी उत्तर दिलं!

"खंय जातलंस? हय बस!"

बायकांच्या रांगेतून एक बाई उठली. द्वारकाकाकी. गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी. चपला काढल्या, पदर खोचला, आणि सरळ नाटकात शिरली!

"दी तां पोर हकडे," म्हणाली, आणि चिंध्यांचं बाळ घेऊन खांद्यावर थोपटायला लागली. "कितके दिस नीज नाय गो तुका?"

आता दशावतारी नट तो! समोरून सवाल आला की जवाब दिलाच पाहिजे. लवूनं तोंड उघडलं. तोंडात मदनावतीचा जवाब यायला हवा होता — 'हे माते, बारा दिवस, बारा रात्री.' पण आलं काय?

"अठ्ठावीस वर्षां, माये."

हे कोण बोललं? राणी? की लवू? मेहुणा म्हणतो, आवाज बारीकच होता, पण नाटकातला नव्हता.

"आडवी हो," द्वारकाकाकी म्हणाली. "या बाकड्यार पड. पोर मी बघतंय."

आणि मंडळी, राणी मदनावती बाकड्यावर आडवी झाली. पाठ बाकड्याला, तोंड आभाळाकडं, उजवा डोळा पुरुषांकडं, डावा डोळा बायकांकडं. काकी थोपटत होती बाळाला, पण झोप लागली राणीला! खरी! गाढ! आणि वर घोरायला लागली! आता राणीचं काम लवूला अठ्ठावीस वर्षं येत होतं, पण घोरणं कधी शिकवलं नव्हतं कुणी. ते अस्सल मेस्त्र्याचं घोरणं!

इकडे ठरल्याप्रमाणे पखवाज कडाडला आणि राक्षस आला. मालक दळवी! काळी दाढी, लाल डोळे, तलवार! आणि दिली आरोळी —

"हाऽऽऽ हाऽऽऽ हाऽऽऽ! कुठं आहे ती मदनावती?"

"श्शूऽऽऽऽ!" शंभर बायका एकदम! "मेल्या, निजली हा ती!"

राक्षस जागच्या जागी थबकला! त्यानं पखवाजवाल्याकडं बघितलं. पखवाजवाल्यानं हात उचलून बोटांच्या टोकांनी वाजवायला सुरुवात केली — टुप, टुप, टुप. आणि राक्षस, ज्याच्या आरोळीनं नारळ पडायचे, तो राक्षस — ऐका — असा हळू —

"हा... हा... हा... कुठं आहे... ती मदनावती..."

"हय आसा. बघ आणि गप ऱ्हव."

आता उजवीकडचे पुरुष खवळले. बाबी परब ओरडला, "उठवा तिका! आमका नाच व्हयो! वीस वर्षांच्या बायेक दुपारची नीज कित्याक?"

डावीकडून पलटवार आला. "वीस वर्षांची? डोळे घराक ठेवन इलास काय? चार पोरांची आवस दिसता ती!"

"वीस!"

"पंचेचाळीस!"

"तुमका बायकांका दुसरी बाई बरी दिसलेली बघवना नाय!"

"आणि तुमका बाई दिसनाच नाय!"

झालं! भांडण पेटलं! पण सगळं कुजबुजत, बरं का! चारशे माणसं भांडतायत आणि आवाज शेवग्याच्या पाल्याएवढा! मध्ये राक्षस तलवार खाली टाकून दोन्ही बाजूंना हात जोडतोय, "हळू... हळू भांडा..."

शेवटी गावकर उठले. म्हणाले, "उगीच तंडू नकात. जागा बदला. हकडचे थंय, थंयचे हकडे. मगे बोला."

कातळखोलच्या मांडवात पुरुष कधी बायकांच्या बाजूला गेला नव्हता. पण पैज लागली की आपण पुरुष कुठंही जातो! सगळे पायांच्या टाचा उचलून, चोरासारखे, मांडवाच्या मागून फिरून पलीकडं गेले. आणि बायका अलीकडं आल्या.

बायकांनी उजवा डोळा बघितला. एकीनं हनुवटीला बोट लावलं. "अगो, ह्यो हिचो म्हायेरचो डोळो!"

दुसरी म्हणाली, "आणि थंयचो तो सासरचो."

हसल्या. हसता हसता गप्प झाल्या.

आणि पुरुष? ऊन आता तिरपं झालं होतं. थेट डाव्या डोळ्यावर. बाबी परब सगळ्यात पुढं. तो वाकला, बघितलं. ते वाटीएवढं काळं. कडेला बारीक सुरकुत्या. घासून घासून चकचकीत झालेली कातडी. आणि त्यावर शांत झोप.

"ह्यां काळां," तो पुटपुटला, "मी खंयतरी बघलंय."

कुठं बघितलं होतं? बाबी आठवायला लागला. सिनेमात? नाही. जत्रेत? नाही. मग त्यानं मान वर केली — आणि मांडवाच्या पलीकडं, पुरुषांच्या रोजच्या जागेवर, त्याची बायको उभी होती. तिच्या तोंडावर तेच ऊन. तिच्या डोळ्याखाली तेच! रोज सकाळी सहाला चहाचा कप हातात देताना त्याच्या नाकासमोर असायचं ते! बघितलं होतं, मंडळी. रोज बघितलं होतं. दिसलं आज!

बाबीनं शेजारच्याकडं बघितलं. शेजारचाही पलीकडंच बघत होता. त्याच्या शेजारचाही. गावकरसुद्धा! सगळी पुरुषांची रांग, नाटक सोडून, समोरच्या बायकांचे डोळे बघतेय! बायका गोंधळल्या! पदर सारखे करायला लागल्या! एक म्हातारी तर म्हणाली, "ह्यांका काय झालां? भानामती झाली?"

बाबी मांडवाच्या मागून पुन्हा फिरून बायकोकडं आला. घसा खाकरला. आणि म्हणाला, "तू... बस थंयच. चाय मी घेऊन येतंय."

ती घाबरली हो! "बरां आसा मां तुमका?"

मग काय! त्याचं बघून दुसरा गेला, दुसऱ्याचं बघून तिसरा. जत्रेतल्या चहावाल्याकडं ग्लास होते बावीस, आणि नवरे आले एकशे चाळीस! त्यानं वाट्यांतून दिला, नारळाच्या बेल्यांतून, म्हणजे करवंट्यांतून, दिला! जत्रेला आलेले नवरे हातात दोन-दोन बेले धरून, सांडत-सांडत बायकांच्या रांगेत फिरतायत — आणि आपली कुठली ते शोधतायत!

पण या सगळ्यात एक माणूस घामाघूम. दळवी मालक! सूर्य खाली चालला. बुडायच्या आत नाटक संपायला हवं, देवीची रीत. राणी उठत नाही. उठवू म्हटलं तर शंभर बायका अंगावर. मालक बाकड्याजवळ गेले. इतक्या जवळून त्यांनी लवूचं तोंड अठ्ठावीस वर्षांत बघितलं नव्हतं. राक्षस नेहमी लांबूनच धावून येतो ना!

किती वेळ बघत होते कोण जाणे. मग त्यांनी तलवार उचलली. बायका ताठ झाल्या! आणि राक्षसानं ती तलवार बाकड्याच्या खाली सरकवली. कोपऱ्यातली नारळाची झावळी घेतली, आणि राणीच्या उशाशी बसून वारा घालायला लागला! हळूच बोलला,

"हे वनदेवते, मी हिला खायला आलो होतो. पण हिला आधीच कुणीतरी खाल्लेलं दिसतंय. आता ही जागी होईपर्यंत मी हिचा पहारेकरी."

मागून राजा आला. राणीला परत न्यायला. ऐटीत! राक्षसानं झावळी आडवी धरली. "ती उठल्यावर ये. आणि येताना पाणी घेऊन ये." राजा बिचारा पाणी आणायला गेला. आणि सूर्य बुडाला. नाटक संपलं! टाळ्या? एकही नाही. बायकांनी नुसते पदर हलवले, आवाज होऊ नये म्हणून!

देवीपुढं दिवा लागला तेव्हा लवूला जाग आली. बघतो — अंधारतंय, मांडव रिकामा होतोय, आणि उशाशी राक्षस! धडपडत उठला. सगळं लक्षात आलं. राणी रंगभूमीवर झोपली! नाटक बुडवलं! त्यानं तिथंच मालकांचे पाय धरले.

"मालक, चुकलंय! माका कळता. पुढच्या जत्रेपासून राक्षस मीच."

दळवींनी दाढी काढली.

"तू खंयचो राक्षस," ते म्हणाले. "अठ्ठावीस वर्षां राक्षस मीच होतंय रे. एका जत्रेतसून दुसऱ्या जत्रेक तुका हाकलत नेलंय, आणि वर म्हणालंय — तोंड बरां दिसना नाय!"

आणि मग म्हणाले, "उद्या नाटक नाय. परवाय नाय. घराक जा, आणि नीज."

तेवढ्यात द्वारकाकाकी आली. मागं गावच्या बायका. कातळखोलात पुढच्या वर्षाच्या नाटकाची सुपारी नेहमी गावकर देतात. त्या वर्षी ती काकीच्या हातात होती. तिनं ती मालकांच्या हातावर ठेवली, आणि लवूकडं बोट दाखवलं. "राणी हीच व्हयी."

तेव्हापासून त्या मंडळाची रीत आहे — दोन जत्रांच्या मध्ये दोन दिवस मोकळे. सगळ्यांना. राक्षसालासुद्धा! लवूच्या डाव्या डोळ्याचं काळं त्या झोपेनं थोडं उतरलं. उजव्यातलं जेल वर्षभरानं विरघळलं. आता दोन्ही डोळे सारखे — थोडे काळे, थोडे उजळ, जसे माणसाचे असतात. आणि मंडळी, मी डॉक्टरांच्या विरुद्ध नाही हां! ज्याला वाटेल त्यानं खुशाल जावं. मलम लावावं, लेसर करावं, आपला चेहरा आहे, हौस आहे. पण त्या शहाण्या डॉक्टरणीनं पहिला उपाय कुठला सांगितला होता? आणि तो लवूला का घेता आला नाही? कारण तो उपाय दवाखान्यात मिळत नव्हता. तो होता दळवींच्या हातात!

तेव्हा आता मी बोट कुणाकडं दाखवू? माझ्या उजव्या हाताला बसलेल्यांनो, टोप्या घातलेल्यांनो! तुम्ही घरात कुणाचे मालक आहात? कुणाला एका कामातून दुसऱ्या कामाला हाकलता, आणि वर विचारता — "हल्ली तुझं तोंड का उतरलंय?" मोबाइलच्या काचेवर बारीक ओरखडा पडला तर तुम्हाला दिसतो! आणि रोज समोर ताट वाढणारीच्या डोळ्याखालचं काळं? ते कधी पडलं, सांगा बघू, कुठल्या साली? नाही ना सांगता येत? मला पण नाही आलं हो. मी घरी जाऊन विचारलं, तर ही म्हणाली, "तुमचं पहिलं कीर्तन ठरलं त्या साली."

हसा. पण हळू हसा. आता मी तुम्हाला देवाचं नाव घ्यायला सांगणार आहे, आणि दरवेळी सांगतो की छप्पर उडेल असं घ्या. आज नाही. ती बघा, तिसऱ्या रांगेत, निळ्या लुगड्यातली माउली भिंतीला टेकून झोपलीय. कधीची झोपलीय. माझ्या कीर्तनात कुणी झोपलं की इतकी वर्षं मला राग यायचा. आज वाटतं, निदान इथं तरी तिला जागा मिळाली. कोण आहे रे तिच्या घरचा? तू? तू बस तिथंच, तिला हलवू नकोस. पेटी बंद करा, टाळ खाली ठेवा.

आणि आता सगळ्यांनी मिळून, ओठ न हलवता, मनातल्या मनात — पांडुरंग.